दोन दारांचा शिपाई

पालिकेच्या सभागृहाला पूर्वी एकच दार होतं आणि ते सगळ्यांना पुरत होतं. माणसं एकामागून एक आत जायची, एकामागून एक बाहेर यायची. मग एका निवडणुकीत दोन्ही बाजूंची जवळजवळ सारखीच माणसं निवडून आली आणि पहिल्याच सभेला अध्यक्ष आणि विरोधी नेता एकाच वेळी दारात पोचले. दोघंही अंगानं भरलेले. खांद्याला खांदा घासून चौकटीत जे अडकले, ते ना पुढे ना मागे. जो मागे सरेल तो हरला, असं दोघांनीही मनात धरलेलं. शेवटी शिपायानं आतून एकेकाचा हात धरून ओढलं तेव्हा सुटले. आता शिपायानं आधी कुणाला ओढलं, यावरून भांडण लागलं आणि ती सभा झाली नाही. पुढचीही झाली नाही. गावातला पाण्याचा मोठा नळ फुटलेला, अर्ध्या वस्तीत चिखल आणि अर्ध्या वस्तीत कोरड, पण सभाच नाही तर मंजुरी कोण देणार! अखेर शहाण्यांनी तोडगा काढला. भिंत फोडून शेजारी दुसरं दार बसवायचं. नळ दुरुस्त करायला माणसं मिळत नव्हती, भिंत फोडायला लगेच मिळाली.

दोन दारं झाली, तरी त्यातलं एक आधी उघडणारच. इथं त्या शिपायानं आपलं डोकं चालवलं.

हा शिपाई म्हणजे काटकुळा, मान थोडी पुढे काढून चालणारा, कुणी हाक मारली तर "आलो" आधी आणि मान मागून वळवणारा माणूस. त्यानं दोन्ही दारांच्या मुठींना दोर बांधले आणि दोन दारांच्या मधल्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. एक दोर उजव्या हातात, एक डाव्या. बाहेर दोघांची पावलं वाजली की दोन्ही हात एकदम छातीशी. दारं जड होती, त्यांना आपोआप मिटायच्या स्प्रिंगा होत्या. शिवाय उजव्या हाताला जोर जास्त, त्यामुळे सुरुवातीला उजवं दार किंचित आधी उघडायचं आणि डावीकडचे लोक गुरकावायचे. मग त्यानं डावा दोर बोटभर आखूड केला. तेव्हापासून तक्रार नाही. दोन्ही दारं अशी उघडायची, की जणू एकाच माणसाचे दोन डोळे.

सभा असली की त्या दिवशी तो घरी जेवताना हमखास म्हणायचा, "आज दोन्ही दारं एका श्वासात उघडली."

बायको म्हणायची, "बरं झालं. अजून वाढू?"

एवढंच. त्याचं कौतुक करावं असं तिला वाटायचं नाही, आणि हसावं असंही नाही. नवऱ्याच्या कामाचं एक वाक्य रोज ताटात पडतं, ते मिठासारखं असावं, असं ती धरून चालली होती.

राहायला त्यांना पालिकेच्याच मागच्या आवारात दोन खोल्या होत्या. पालिकेची जुनी रीत अशी, की ज्या शिपायाची नोकरी डागाविना पुरी झाली, त्याला आणि त्याच्या बायकोला त्या खोल्या मरेपर्यंत राहायला मिळायच्या. डाग लागला तर मात्र सामान रस्त्यावर. मूलबाळ नव्हतं, बांधलेलं दुसरं घर नव्हतं. नोकरीचं शेवटचं वर्ष चाललं होतं. बायकोनं खिडकीला नवा पडदासुद्धा शिवून घेतला नव्हता. म्हणायची, "खोल्या आपल्या झाल्या की मग शिवू. उगीच दृष्ट लागायची."

आणि याच दोन खोल्यांत, पुढच्या खोलीतल्या बाकावर, तिचा धाकटा भाऊ येऊन पडला होता.

त्याला सगळे कप्तान म्हणायचे. तो बोटीवर आचारी होता. उभी हयात त्यानं बोटीच्या पोटात बटाटे सोलले आणि भांडी उकळत ठेवली. बंदरं लागायची तेव्हा बाकीचे उतरायचे, हा पुढच्या प्रवासाचं धान्य निवडत बसायचा. पण म्हणतात ना, न पाहिलेल्या गावाचा रस्ता सगळ्यात रुंद. गावी परतला तो जग पालथं घालून आल्याच्या ऐटीत. त्याला आमचं गाव म्हणजे डबकं वाटायचं आणि माणसं म्हणजे बेडूक. दाजींच्या घरचं जेवायचं, दाजींच्या साबणानं अंघोळ करायची आणि दाजींचा सदरा घालून समोरच्या सलूनमध्ये जाऊन बसायचं, हा त्याचा दिवस. तिथं तो गोष्टी सांगायचा. सलूनवाला त्याला फुकट दाढी करून द्यायचा, कारण गोष्ट संपेपर्यंत गिऱ्हाईक उठायचं नाही.

गोष्टी त्याला छान जमायच्या, हे मात्र कबूल करायला हवं. एकदा त्यानं सावल्यांच्या बेटाची गोष्ट काढली.

"त्या बेटावर," कप्तान म्हणाला, "माणसाची किंमत त्याच्या सावलीवर. ज्याची सावली लांब, तो मोठा. राजाच्या सावलीवर कुणाचा पाय पडला तर पाय कापायचे. म्हणून तिथला सगळा कारभार सकाळी नाहीतर संध्याकाळी, सूर्य खाली असताना. दुपारी बाहेर पडायला बंदी."

"ती का बुवा?" गालाला फेस लावलेल्या गिऱ्हाइकानं विचारलं.

"दुपारी राजाची सावली पायाखाली आणि झाडूवाल्याचीही पायाखाली. दोन्ही एका मापाच्या. राज्य चालेल कसं?"

सलून हसलं. सलूनवाल्याचा वस्तरा हवेतच राहिला.

"आता एकदा झालं असं, की त्या बेटावर एकाला दोन राजे झाले. दोघांचंही म्हणणं, माझी सावली लांब. मोजायला गेले तर सूर्य एक, दोघांची उंची एक. मग भांडण. बेट बुडायला आलं, तरी यांचं मोजमाप चालूच."

इथं सगळ्यांच्या लक्षात आलं. एकानं रस्त्यापलीकडच्या पालिकेकडे बोट केलं आणि दुसऱ्यानं ते बोट खाली दाबलं.

आणि मग कप्ताननं मशालजी आणला. हा कुठल्या बेटावरून आला नव्हता, ताईच्या स्वयंपाकघरातून आला होता.

"तर दोन राजांच्या मागे एक मशालजी ठेवला. दोन हातांत दोन मशाली. दोन्ही अशा सारख्या धरायच्या, की दोन्ही सावल्या एका मापात पडाव्यात. बिचाऱ्याच्या मिशा जळाल्या, भुवया जळाल्या. आणि मजा ही, की उजेड याच्याच हातात, म्हणून याची स्वतःची सावली कुठंच पडेना. पण ऐट काय विचारता! घरी जाऊन, जेवताना, मान अशी पुढे काढून बायकोला म्हणायचा," कप्ताननं मान पुढे काढली, दोन्ही मुठी छातीशी घेतल्या आणि दाजींचा हुबेहूब आवाज काढला, "'आज दोन्ही सावल्या एका मापात पाडल्या!'"

सलून कोसळलं. राजांवर हसले त्याच्या तिप्पट मशालजीवर हसले. राजावर हसताना माणूस जरा इकडेतिकडे बघतो, मशालजीवर हसताना बघावं लागत नाही.

महिनाभरात ती गोष्ट गावभर झाली. दुकानदार शिपायाला विचारू लागले, "काय मशालजी, सावल्या काय म्हणतात?" त्याला आधी कळेना. मग सलूनवाल्यानंच एकदा, चांगल्या मनानं, सगळी गोष्ट सांगितली. त्या संध्याकाळी सभा झालेली होती. शिपाई जेवायला बसला, जेवला, उठला. वाक्य आलं नाही. बायको पळी हातात धरून थांबली होती, ती तशीच थांबली.

तिनं भावाला बाहेर गाठलं. "अरे, जगात कुणी मिळालं नाही तुला? आपल्याच ताटात थुंकलास?"

"ताई, तो टोला राजांना आहे, दाजींना नाही. मोठ्यांची चामडी सोलतोय मी."

"सोललेली मला दिसली ती एकाचीच."

"तुला नाही समजायचं. ही कला असते."

"बटाटे सोलत होतास तेच बरं होतं," ती म्हणाली आणि आत गेली.

आता खरं तर मोठ्यांची चामडी सोलली जातेय, या खबरीनं कप्तान मनातून थोडा भ्यायलाही होता. एके दिवशी अध्यक्षांचं बोलावणं आलं. पण अध्यक्षांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि पोट धरून हसले.

"काय हाणलाय हो तुम्ही त्याला! तो दुसरा राजा! अगदी तोच! सावली मोजणारा! आता पालिकेचा वर्धापनदिन आहे, सभागृहात सगळ्यांसमोर सांगा ही गोष्ट. त्याला पहिल्या रांगेत बसवतो."

बाहेर पडतो न पडतो तोच जिन्यात विरोधी नेत्यानं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "ऐकली तुमची गोष्ट. अध्यक्षांची अशी पूजा आजवर कुणी बांधली नव्हती. वर्धापनदिनाला सांगा. मी पहिल्या रांगेतच बसतो, त्याचं तोंड बघायला."

कप्तानला यातून काही कळायला हवं होतं. आपला आसूड ज्यांच्या पाठीवर पडायचा ते दोघं तो एकमेकांच्या पाठीवर बघून टाळ्या पिटताहेत, याचा अर्थ आसूड कुणाला लागलाच नाही. पण त्याच्या डोक्यात भरलं ते व्यासपीठ. त्यानं दाजींचा चांगला सदरा मागितला. दाजींनी काढून दिला. इस्त्री करूनच दिला.

वर्धापनदिनाला सभागृह भरलं. दाजी आपल्या जागी, दोन दारांच्या मध्ये, भिंतीला पाठ लावून, दोन्ही हातांत दोर. दोन्ही दारं एका श्वासात उघडली, दोघं नेते एकाच वेळी आत आले, पहिल्या रांगेत दोन टोकांना बसले. भाषणं झाली. मग कप्तान उठला.

त्या दिवशी त्याला सूर लागला होता. सावली, दुपारची बंदी, दोन राजे. अध्यक्ष हसून विरोधी नेत्याकडे बघत होते, विरोधी नेता हसून अध्यक्षांकडे. मग मशालजी आला. कप्ताननं मान पुढे काढली, मुठी छातीशी घेतल्या.

अख्खं सभागृह मागे वळलं.

कुणी सांगितलं नव्हतं वळायला. ओळीच्या ओळी, जशी वाऱ्यानं गवताची पाती वळावीत. आणि मागे भिंतीशी तो उभा, मान जरा पुढे, दोन मुठी छातीशी, मुठींत दोर. व्यासपीठावर नक्कल आणि भिंतीशी अस्सल. लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दोन्ही नेतेही हसले. त्या पालिकेत दोन्ही बाजू एकदम हसल्या, ही पहिलीच वेळ.

कप्तानच्या गळ्यात दोन्ही नेत्यांचे हार पडले आणि कार्यक्रम संपला. दोघं नेते उठले, दोन बाजूंनी चालत आपापल्या दाराशी आले आणि थांबले.

दारं उघडली नाहीत.

दोर खाली लोंबत होते. शिपायाचे हात मांड्यांशी सरळ होते. तो समोर बघत होता, कुणाकडेच नाही. मागे गर्दी थबकली. अध्यक्षांनी शिपायाकडे बघितलं, विरोधी नेत्यानंही बघितलं. मग दोघांनी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, हात पुढे करून मूठ धरली आणि आपापलं दार स्वतः ओढलं. जड दार, सवय नाही. एकाचं अर्धं उघडून परत आपटलं, दुसऱ्याचा कोट अडकला. कसेबसे बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी चौकशी लागली. चौकशी शिपायानं काय केलं याची नव्हती. कोण आधी बाहेर पडलं, याची होती. अध्यक्षांचं म्हणणं, आपलं दार आधी उघडलं. विरोधी नेत्याचं म्हणणं, आपलं. बाकी सगळे कुठल्या ना कुठल्या बाजूचे, म्हणून साक्षीला एकच माणूस, दोरवाला.

हेड क्लार्क भला होता. तो आधी खोलीवर येऊन सांगून गेला. "हे बघा, एक वाक्य बोला. 'मी दोर ओढले, दोन्ही दारं एकदम उघडली.' दोघंही गप्प बसतील. कुणी हरलं नाही, कुणी जिंकलं नाही. खोल्या वाचतील. वर्ष तर संपत आलंय."

तो गेल्यावर घरात तिघं उरले.

"म्हणा ना," बायको म्हणाली. "अहो, तुम्ही रोज म्हणायचा तेच तर वाक्य आहे. नवीन काय म्हणायचंय?"

"तेच तर," शिपाई म्हणाला.

"काय तेच तर?"

"वर्षभरापूर्वी म्हटलं असतं. हसत म्हटलं असतं, आणि मला ते खोटंही वाटलं नसतं." त्यानं बाकाकडे बघितलं. बाकावर कप्तान खाली मान घालून बसला होता. "आता ते वाक्य माझं राहिलं नाही. ते मशालजीचं आहे. मी तोंड उघडलं की यांच्या गोष्टीतला माणूस बोलणार."

"दाजी, गोष्ट ती गोष्ट," कप्तान पुटपुटला. "लोक आठवड्यात विसरतात. घर जाईल हो."

"तुम्ही मला विचारून जोडला होता का मशालजी?"

"मी राजांसाठी—"

"राजे मजेत आहेत," शिपाई म्हणाला. "काल तुम्हाला हार कुणी घातला?"

बायको उठून त्याच्या पुढ्यात बसली. रडली नाही. तिचा आवाज मात्र खरवडल्यासारखा झाला. "माझ्यासाठी म्हणा. मशालजी तर मशालजी. मी मशालजीची बायको म्हणून राहते या दोन खोल्यांत. लोकांच्या हसण्यानं माझं छप्पर गळत नाही. पण छप्परच नसलं तर?"

तो उठून अंथरूण घालू लागला. तिला वाटलं, ऐकलं. म्हणून सकाळी तिनं त्याचा गणवेश स्वतः घासून दिला.

अध्यक्षांच्या खोलीत दोन नेते, हेड क्लार्क आणि तो.

"सांग," अध्यक्ष म्हणाले. "तुझ्या दोराचं तूच सांग. माझं दार आधी उघडलं की नाही?"

"नीट आठवून सांग," विरोधी नेता म्हणाला. "नोकरी शेवटाला आलीय तुझी."

हेड क्लार्क मागून मानेनं खुणावत होता: एकदम, एकदम म्हण.

"कुणाचंच आधी उघडलं नाही," शिपाई म्हणाला.

क्लार्कनं सुस्कारा सोडला.

"म्हणजे मी उघडलीच नाहीत. दोर सुटले नाहीत, मी सोडले. तुम्ही दोघांनी आपापल्या हातांनी दार ओढलं. साहेबांचं एकदा परत आपटलं. यांचा कोट अडकला. कोट सोडवेपर्यंत साहेब पुन्हा मुठीशी झटत होते. आधी कोण निघालं ते मी बघितलं नाही. मला बघायचं नव्हतं."

आपण स्वतःच्या हातानं दार उघडलं, ही गोष्ट शेकडो माणसांनी बघितली होती. पण ती तोंडावर कुणी बोललं नव्हतं, आणि न बोललेली गोष्ट पालिकेत घडलेली धरत नाहीत. दोघं नेते एकमेकांकडे बघू लागले, आणि त्या नजरेत पहिल्यांदाच वैर नव्हतं. होतं ते भावासारखं प्रेम.

"हा माणूस खोटारडा आहे," अध्यक्ष म्हणाले.

"निर्लज्ज," विरोधी नेता म्हणाला. "अन्न खाऊन उलटलेला."

तो ठराव एकमतानं झाला. पाण्याच्या नळासाठी झालं नव्हतं, रस्त्यासाठी नाही, दवाखान्यासाठी नाही, इतकं एकमत त्या ठरावाला झालं. नोकरीला डाग. खोल्या रिकाम्या कराव्यात. पुन्हा असा प्रसंग नको म्हणून दोन दारांना दोन वेगळे शिपाई नेमले, एक अध्यक्षांचा, एक विरोधी नेत्याचा. पहिल्या आठवड्यातच त्या दोघांची मारामारी झाली.

खोल्या सोडायच्या दिवशी हातगाडीवर सामान चढलं. कप्ताननं आपली बोटीवरची पत्र्याची पेटी उचलून गाडीवर ठेवली. बहिणीनं ती खाली उतरवून पायरीवर ठेवली.

"ताई?"

"नवी खोली लहान आहे. तिथं दोन माणसं मावतात."

"मी बाहेर पडवीत झोपेन."

"पडवी नाहीये," ती म्हणाली. "आणि असती तरी तुझ्यासमोर जेवताना आता त्यांना बोलता येत नाही. माणूस घरात एक तरी वाक्य बोलला पाहिजे. ते तू नेलंस. जा बाबा. जग बघितलेला माणूस तू, कुठंही राहशील."

शिपायानं मागे वळून बघितलं नाही. त्यानं हातगाडीला मागून खांदा दिला होता.

कप्तान सलूनमध्ये राहायला गेला. सलूनवाल्यानं बंद झाल्यावर फरशीवर झोपायची परवानगी दिली, बदल्यात दिवसभर गोष्टी. मध्यंतरी त्यानं सावल्यांच्या बेटाचा शेवट बदलून बघितला. नव्या शेवटात मशालजी दोन्ही मशाली पाण्यात बुचकळतो, अंधार होतो आणि दोन्ही राजे आपापल्या सावल्या शोधत चाचपडत राहतात. त्यानं तो जीव ओतून सांगितला.

कुणी हसलं नाही. फेस लावलेल्या गिऱ्हाइकानं आरशातून विचारलं, "मग पुढे?"

"पुढे काही नाही."

"आधीचीच बरी होती," सलूनवाला म्हणाला. "ते जेवतानाचं सांग की. सावल्या मापात पाडल्या, ते."

कप्तानला दुसरीकडे झोपायला फरशी नव्हती. मग त्यानं मान पुढे काढली आणि मुठी छातीशी घेतल्या.

शिपाई त्या रस्त्यानं पुन्हा कधी गेला नाही. त्याचे केस आता बायकोच कापते, गिरणीमागच्या त्यांच्या खोलीच्या पायरीवर बसवून, कापडं कापायच्या कात्रीनं. तिला नीट जमत नाही. डावी बाजू नेहमी वर जाते. ती विचारते, "फार वाकडं झालं का हो?" तो मान हलवतो, बोलत नाही, आणि ती मानेवरचे केस फुंकरीनं उडवते.